छायाचित्रांतील तोल

कॅमेऱ्यानें टिपलें तें खरें आणि हातानें बदललें तें खोटें, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित समाजांत फार दिवसांपासून रूढ आहे. चित्रकारानें आकाशांत नसलेला ढग रंगविला तर त्यास आपण कल्पना म्हणतों. छायाचित्रकारानें तोच ढग दुसऱ्या काचेवरून आणून बसविला तर त्यास लबाडी म्हणतों. ह्या समजुतीस छायाचित्रणाचा इतिहास दुजोरा देत नाहीं. १८३९ सालीं ही कला जगापुढें आली, आणि तिला वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच दोन, पांच, किंबहुना तीस काचांवरून एकच चित्र सिद्ध करण्याचे प्रयोग युरोपांत झाले होते. ते चोरून केलेलेही नव्हते. भर प्रदर्शनांत लोकांनीं ते पाहिले, वाखाणिले व त्यांवर वादही घातले. तेव्हां एखादें छायाचित्र संस्कारित आहे किंवा नाहीं, एवढें ठरवून टीकाकाराचें काम संपत नाहीं. तो संस्कार कशासाठीं झाला, आणि त्यानें चित्राचा तोल साधला कीं बिघडला, हें पाहणें त्यास भाग आहे.

ह्या विचारास उपयोगी पडेल असें एक साधन मराठी वाचकाच्या हातीं आहे. बा. सी. मर्ढेकरांनीं आपल्या सौंदर्यविचारांत संवाद, विरोध व समतोल हीं लयीचीं तीन तत्त्वें मांडलीं. १९५५ सालीं निघालेल्या 'सौंदर्य आणि साहित्य' ह्या ग्रंथानें तीं पुष्कळांच्या परिचयाचीं झालीं. थोडक्यांत सांगायचें तर, कलाकृतींतील घटक परस्परांशीं जुळतात, परस्परांस विरोध करतात, आणि त्यांतूनच अखेर तोलास येतात. सौंदर्य शोधावयाचें तें ह्या संबंधांत. ह्या तत्त्वांच्या शेजारीं सममितीची कल्पना ठेवून पाहूं. मध्यरेषेच्या दोन्ही अंगांस तेंच रूप असणें ही सममिति. देवळाच्या दाराशीं दोन्ही बाजूंस सारखे द्वारपाल असावेत तशी. समतोल ही वस्तु निराळी. सोनाराच्या तराजूंत एका पारड्यांत सोनें असतें व दुसऱ्यांत गुंजा. रूपें भिन्न, पण वजन सारखें. सममिति डोळ्यास एका क्षणांत कळते, समतोल मात्र जोखून पाहावा लागतो. संस्कारित छायाचित्रांत ह्या दोहोंची गल्लत फार सहज होते, कारण कातरी व काच हातीं असली म्हणजे दोन बाजू सारख्या करणें सोपें असतें.

सममितीचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ऑस्कर गुस्ताव्ह रेइलँडर ह्याचें 'जीवनाचे दोन मार्ग' हें १८५७ सालचें चित्र. जन्मानें स्वीडिश असलेला हा कलावंत इंग्लंडांतील वुल्व्हरहॅम्प्टन येथें छायाचित्रणाचा धंदा करीत असे. तिसांहून अधिक निगेटिव्ह काचा एकामागून एक कागदावर उतरवून त्यानें सुमारें अडीच फूट रुंदीचा हा देखावा जुळविला. मध्यभागीं कमानीपुढें एक वृद्ध उभा आहे व त्याच्या दोहों बाजूंस दोन तरुण आहेत. प्रेक्षकाच्या उजव्या अंगास जो वळतो त्याच्यापुढें धर्म, विद्या, उद्योग व रुग्णसेवा हीं मूर्त झालेलीं आहेत. डाव्या अंगास जो ओढला जातो त्याच्यापुढें मद्य, जुगार व विलास. मँचेस्टर येथील १८५७ च्या कलाप्रदर्शनांत हें चित्र झळकलें, आणि व्हिक्टोरिया राणीनें त्याची एक प्रत प्रिन्स आल्बर्ट ह्याच्यासाठीं विकत घेतली.

कारागिरीच्या दृष्टीनें हें काम अचंबा वाटण्याजोगें आहे. परंतु चित्रापुढें थोडा वेळ उभें राहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. डावीकडील देह पसरलेले, एकमेकांवर रेललेले, वळणावळणाचे आहेत; उजवीकडील बहुतेक मंडळी आपापल्या कामांत बसलेली व आवरलेली आहे. सद्गुणाला दुर्गुणाइतकीच जागा मिळाली आहे, पण दुर्गुणाइतका प्राण मिळालेला नाहीं. मोजणीनें अर्धें अर्धें असलेलें हें चित्र वजनानें डावीकडे झुकतें. स्कॉटलंडांतील छायाचित्रण मंडळानें नग्नाकृतींमुळें आरंभीं तें मांडण्याचें नाकारलें, आणि पुढें डावी बाजू पडद्याआड झांकून तें दाखविण्यांत आलें, असें ह्या कलेच्या इतिहासांत सांगितलें जातें. तो पडदा नीतीच्या काळजीनें लावलेला होता खरा. परंतु त्यानें नकळत एक टीकाही करून ठेविली. जें चित्र अर्धें झांकूनही उरलेल्या अर्ध्यांत आपला उपदेश जसाच्या तसा सांगूं शकतें, त्याचे दोन भाग शेजारीं उभे आहेत, एकमेकांस जोखीत नाहींत. तराजूचें एक पारडें उचललें तर दुसरें खालीं गेलें पाहिजे. येथें तें जागचें हललें नाहीं.

ह्याच सुमारास फ्रान्समध्यें ग्युस्ताव्ह ल ग्रे समुद्राचीं छायाचित्रें घेत होता. त्याच्यापुढील अडचण रसायनाची होती. त्या काळच्या कलोडियनच्या काचेवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई. समुद्र नीट उमटेपर्यंत काच उघडी ठेविली तर आकाश जळून पांढरेंफटक निघे. आकाशापुरती उघडली तर समुद्र काळा राही. ल ग्रेनें आकाशाची एक काच व समुद्राची दुसरी घेऊन क्षितिजरेषेवर त्यांचा सांधा जुळविला. १८५७ सालचें 'सेत येथील मोठी लाट' हें त्याचें गाजलेलें चित्र अशा दोन काचांचें आहे. निसर्गानें जेथें आधींच एक रेघ ओढून ठेविली आहे तेथेंच त्यानें सांधा दिला, ही त्याच्या कौशल्याची पहिली खूण. दुसरी खूण अधिक महत्त्वाची. खालीं फुटणारी लाट वेगवान व क्षणिक आहे, वर ढगांचा थर जड व संथ आहे. ह्या दोहोंत रूपाचें साम्य औषधालाही नाहीं. तरी आकाश हातानें झांकून पाहावें. लाट तत्काळ हलकी पडते, पाण्याचा एक तुकडा तेवढा उरतो. हात काढला कीं तिला पुन्हां वजन येतें. येथें पारडें खरोखर हलतें.

ल ग्रेनें एकच आकाश एकाहून अधिक समुद्रांवर वापरलें आहे, हें कळल्यावर कित्येकांचा विरस होतो. मला तो अनाठायीं वाटतो. एकाच ठेक्यावर गवयानें दोन चिजा गाइल्या म्हणून कोणी त्यास फसव्या म्हणत नाहीं. शिवाय डोळा आकाशाकडे पाहतांना निराळा जुळतो व पाण्याकडे पाहतांना निराळा, त्यामुळें मनुष्यास दोन्ही दिसतात. काचेला ती सोय नव्हती. यंत्रानें डोळ्याचें जें हिरावून घेतलें होतें तें ह्या जोडकामानें परत दिलें.

विरोधाचें उदाहरण अमेरिकेंतील ॲन्सेल ॲडम्स ह्याच्या चित्रांत सांपडतें. १ नोव्हेंबर १९४१ रोजीं न्यू मेक्सिकोंतील हर्नांडेझ ह्या खेड्यावरून जातांना त्यास स्मशानांतील पांढऱ्या क्रुसांवर मावळतें ऊन पडलेलें व वर चंद्र उगवलेला दिसला. प्रकाश मोजण्याचें यंत्र सांपडेना. चंद्राची तेजस्विता त्यास ठाऊक होती, तिच्यावरून अंदाज बांधून त्यानें एक निगेटिव्ह घेतली, आणि दुसरी घेण्यापूर्वीं क्रुसांवरचें ऊन गेलें. ह्यापुढचें सारें काम अंधारखोलींतलें. १९४८ सालीं त्यानें निगेटिव्हचा खालचा भाग रसायनानें अधिक गडद केला, आणि वर्षें गेलीं तसतशा त्यानें छापलेल्या प्रतींतलें वरचें आकाश काळें होत गेलें. आरंभींच्या प्रतींत दिसणारे तेथले विरळ ढग पुढील प्रतींत जवळजवळ नाहींसे झाले. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिपि व छापलेली प्रत म्हणजे तिचें गायन, अशी उपमा तो देत असे. ती मान्य करूनही म्हणतां येईल कीं, सर्व गायनें सारखीं नसतात. नंतरच्या प्रतींत इवलेसे पांढरे क्रूस व अफाट काळोख ह्यांचा विरोध जबरदस्त आहे, पाहणारा थक्क होतो. पण ते पुसट ढग क्रुसांच्या पांढरेपणास वरून जी साद घालीत ती आतां ऐकूं येत नाहीं. विरोध वाढला, संवाद तेवढा घटला. हा तोटा पत्करण्याजोगा आहे कीं नाहीं ह्याविषयीं रसिकांत मतभेद होतील. परंतु तो हिशेब चित्राच्या चौकटींतच करतां येतो.

येथवर मर्ढेकरांचीं तत्त्वें पुरतात. पुढील उदाहरण आपल्या घरचें आहे, आणि तेथें तीं जशींच्या तशीं पुरत नाहींत. मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रणाची एक सोसायटी निघाली. तिच्या आरंभींच्या मंडळींपैकीं विल्यम जॉन्सन ह्या गृहस्थानें मुंबईचे रहिवासी व पाहुणे अशा पौर्वात्य जातींवर एक सचित्र ग्रंथ लंडनांत दोन भागांत प्रसिद्ध केला. १८६३ च्या पहिल्या भागांत गुजराथ, कच्छ व काठेवाड येथील, आणि १८६६ च्या दुसऱ्या भागांत महाराष्ट्रांतील लोक आहेत. त्यांतलीं चित्रें जोडकामाचीं आहेत: माणसांचा समूह एका ठिकाणीं टिपलेला, त्यामागील इमारत वा देखावा दुसऱ्या काचेवरचा. रेइलँडर मँचेस्टरांत गाजला त्यानंतर थोड्याच वर्षांत तीच युक्ति मुंबईच्या माणसांवर चालविली गेली.

नुसत्या रचनेकडे पाहिलें तर ह्या पानांस नांवें ठेवण्यासारखें फारसें नाहीं. मधोमध समूह, मागें उभ्याआडव्या रेषांची वास्तु, पुढें मोकळी जमीन. बारकाईनें पाहिलें असतां कांहीं पानांवर सांधा जाणवतो, पण तो कारागिरीचा दोष झाला. खरा दोष निराळा आहे. ह्या चित्रांच्या जोडीला त्या त्या जातीचें वर्णन छापलेलें आहे, म्हणजे हीं चित्रें माहिती म्हणून वाचकापुढें येतात. ही जात अशी दिसते, असा पोशाख करते, अशा ठिकाणीं वावरते, असें पान सांगतें; आणि तें ठिकाण तर माणसांच्या पाठीमागें नंतर आणून चिकटविलेलें असतें. मनुष्य व त्याचें अंगण, त्याचें दार, त्याची गल्ली ह्यांचा जो खरा संबंध, तो तोडून त्या जागीं शोभेचा संबंध बसविला गेला. चौकटीच्या आंत तोल आहे, पण तो साक्षीची किंमत देऊन विकत घेतलेला आहे.

पुढें सव्वाशे वर्षें होत आलीं तरी हा मोह सुटला नव्हता. 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गीझाच्या पिरॅमिडांचें चित्र होतें. मूळ चित्र आडवें, मुखपृष्ठ उभें. म्हणून संगणकाच्या साह्यानें पिरॅमिड एकमेकांच्या जवळ सरकविण्यांत आले. रचना बेताची झाली, पण भूगोल विषयास वाहिलेल्या मासिकानें भूगोलच हलविला, आणि त्यावर झालेली टीका योग्यच होती.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, साक्ष खरी कीं खोटी हा नीतीचा वा इतिहासाचा विषय आहे. सौंदर्याशीं त्याचा संबंध काय? चित्रकलेपुरतें हें म्हणणें मी मान्य करीन. छायाचित्राची गोष्ट वेगळी अशासाठीं कीं, 'हें कॅमेऱ्यापुढें होतें' ही जाणीव त्याच्या अनुभवाबाहेर राहत नाहीं. रेषा, छाया व प्रकाश ह्यांच्याप्रमाणेंच ती जाणीवही त्या चित्राचा एक घटक असते. लाट खरोखर फुटली होती हें ठाऊक असतें म्हणून ल ग्रेचें चित्र आपणांस धरून ठेवतें. जो घटक चित्रांत वजन टाकतो तो समतोलाच्या हिशेबांत धरलाच पाहिजे. म्हणून मर्ढेकरांचीं तत्त्वें टाकून देण्याचें कारण नाहीं. छायाचित्रापुरतें त्यांच्या तराजूंत हें एक वजन अधिक घालावें लागेल. रेइलँडरचें चित्र दृष्टांत म्हणून पुढें येतें, तेथें ह्या वजनाचा प्रश्न थोडका. ल ग्रेच्या चित्रांत तें सांभाळलेलें आहे. जॉन्सनच्या पानांत तें पारड्यांतून काढून घेतलें, आणि वाचकास मात्र तें आहे असें भासविलें.

हा विचार जुन्या काचांपुरता राहिलेला नाहीं. आज खिशांतला मोबाइल एका दाबासरशीं कमी-अधिक प्रकाशाचीं अनेक चित्रें टिपून त्यांचें एक करतो. ल ग्रेला जो सांधा हातानें द्यावा लागला तो यंत्र आपणहून देतें, आणि बहुधा धन्यास त्याची खबरही नसते. अशा काळीं संस्काराविरुद्ध ओरड करणें व्यर्थ आहे. टीकाकारानें दोन गोष्टी तपासाव्यात. चित्राचा एखादा भाग झांकला तर उरलेल्याचें वजन बदलतें काय? आणि जें चित्र पाहणाऱ्यास जें वचन देतें, तें त्याच्या जोडकामानें पाळलें आहे काय? पहिल्या परीक्षेस रेइलँडर पुरा उतरत नाहीं, दुसरीस जॉन्सन उतरत नाहीं.

जॉन्सनचीं तीं पानें तरीही पाहावींत. त्यांतलीं माणसें भिंत वा झाडें ह्यांच्यापुढें उभीं आहेत, आणि चित्राखालीं जातीचें नांव आहे. बहुतेकांचें स्वतःचें नांव कोठें नाहीं. मागचा देखावा उसना आहे हें कळल्यावर नजर आपोआप पुढें येते, आणि त्या चेहऱ्यांवर ठरते. पांच-दहा क्षण काचेपुढें निश्चल बसण्याचा ताण त्यांवर दिसतो. तेवढा भाग कोणी जोडलेला नाहीं.