विद्यार्थी फाळके आणि त्यांचे हातकाम

धुंडिराज गोविंद फाळके यांच्याविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यातील बहुतेक एकाच प्रसंगापाशी येऊन स्थिरावते. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातील एका चित्रगृहात त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला, पडद्यावरील ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले, आणि तेथून भारतीय चित्रपट जन्मास आला, अशी ही कथा आहे. खुद्द फाळक्यांनीच ती ‘नवयुग’ मासिकातील आपल्या लेखांत सांगितली असल्याने तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो तिच्यावर टाकल्या जाणाऱ्या भाराचा. तोच मूकपट इतर कित्येकांनी पाहिला. पण पदरची विमापत्रे गहाण टाकून विलायतेस कोणी गेले नाही. प्रेरणेने ज्याची उकल होत नाही असे काहीतरी येथे शिल्लक उरते, आणि ते शोधावयाचे तर फाळक्यांच्या विद्यार्थिदशेकडेच वळावे लागते.

त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, आणि १८९० पासून बडोद्याच्या कलाभवनात शिकू लागले. कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. चित्रकला आणि उद्योगविद्या एकाच छपराखाली शिकविणाऱ्या त्या संस्थेत तैलरंग, जलरंग, वास्तुरचना, प्रतिकृती, छायाचित्रण अशा अनेक विषयांना फाळक्यांनी हात घातला. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली व तिला सुवर्णपदक मिळाले. पुढे रतलामला जाऊन ते ठसे करण्याची विद्या शिकले. १९०३ पासून काही काळ पुरातत्त्व खात्यात नोकरी, नंतर लोणावळ्यास रविवर्मा मुद्रणालयासाठी शिळाछापाचे काम, पुढे स्वतःचा छापखाना, आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईसाठी जर्मनीचा प्रवास.

चरित्रकार या साऱ्याकडे धरसोड म्हणून पाहतात, किंवा फार तर उमेदवारी म्हणून. प्रस्तुत लेखकास हे मत मान्य नाही. ठसा, शिळाछाप, काचेवरील छायाचित्र, प्रतिकृती ही सर्व एकाच विद्येची अंगे होत. ती विद्या म्हणजे एका अखंड दृश्याचे हाताने करता येण्याजोगे तुकडे पाडणे, आणि ते तुकडे पुन्हा असे जुळविणे की पाहणाऱ्यास सांधा दिसू नये. तीनरंगी छपाई करणारा कारागीर चित्राचे तीन वेगळे ठसे करतो. कागदावर ते एकमेकांवर नेमके बसले तरच चित्र उभे राहते. ज्याने हे वर्षानुवर्षे केले, त्याला चित्रफितीच्या चौकटी अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते.

येथे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने एक लहानसा पुरावा नोंदविण्यासारखा आहे. फाळके जादूचेही प्रयोग करीत, व त्यासाठी त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतले होते. आडनाव उलटे केले एवढेच आपण म्हणतो. पण उलटविले ते काय? ध्वनीमागून ध्वनी उलटविला असता तर ‘एक्ळाफ्’ असे काहीतरी झाले असते. फाळक्यांनी उलटविली ती अक्षरे: फा, ळ, के. खिळे जुळविणाऱ्याप्रमाणे त्यांनी नावाचे तीन घट हातात घेतले आणि मागून पुढे मांडले. मराठी मुले खेळात हेच करतात, तेव्हा यात असामान्य असे काही नाही. तथापि स्वतःचे नावसुद्धा सुट्या तुकड्यांची मांडणी म्हणून पाहणारी ही दृष्टी त्यांच्या पुढील कामाशी जुळते खरी.

ती सर्वांत स्वच्छ दिसते ‘अंकुराची वाढ’ या छोट्या पटात. १९१२ मध्ये लंडनहून विल्यम्सन कॅमेरा आणल्यावर भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, आणि महिन्याभराहून अधिक काळ त्या रोपाची थोडथोडी चित्रे घेतली. पडद्यावर ती वाढ काही क्षणांत घडली. यात नट नाही, कथा नाही, देव नाही. विद्यार्थ्याने पाटीवर गिरवावा असा हा धडा आहे; आणि चित्रपट हा काळाचे तुकडे जोडून होतो, ही गोष्ट त्यात जितकी उघड होते तितकी ‘राजा हरिश्चंद्रा’तही होत नाही. आगकाड्या हलवून केलेली ‘आगकाड्यांची मौज’ याच वळणाची. अशा कृतींना समीक्षकांनी ‘गंमत’ म्हणून बाजूस सारावे, हे अभ्यासाचे नुकसान आहे.

हातकाम म्हटले की ते कोणाच्या हातचे, हेही पाहावयास हवे. कोऱ्या फितीच्या कडांना भोके पाडणे, रसायने मिसळणे, फीत धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके घरी करीत. एक भोक चुकले तर चित्र पडद्यावर उडी मारते. या कामास आपण साहाय्य म्हणतो आणि पटाच्या मांडणीस कला म्हणतो. परंतु कलाभवनाच्या परंपरेत ही विभागणी नव्हती, आणि फाळक्यांच्या घरातही ती नव्हती.

या शिक्षणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागलेल्या ‘राजा हरिश्चंद्रा’ची आज जी रिळे उपलब्ध आहेत (ती १९१७ मधील पुनर्निर्मितीची असावीत असे काही अभ्यासक मानतात), त्यांत राजकुटुंबाचे आरंभीचे दृश्य रविवर्म्याच्या शिळाछापाप्रमाणे रचलेले आहे. पात्रे समोर तोंड करून उभी, आणि कॅमेरा जागचा हलत नाही. त्यानंतर फाळके नाशिकला आले. येथील काळात तयार झालेल्या ‘कालियामर्दना’त (१९१९) मात्र चित्रातून बाहेर पडण्याची धडपड दिसते. आरंभीच त्यांची कन्या मंदाकिनी कोणतीही कथा नसताना केवळ चेहऱ्यावरील भाव एकामागून एक करून दाखविते, आणि मग कृष्ण होते. वर्णमाला आधी आणि वाक्य नंतर, असा हा क्रम आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते फाळक्यांच्या उपलब्ध कामात याहून धीट असे काही नाही.

बोलपट आला तेव्हा ही रीत अपुरी पडली. १९३२ चा ‘सेतुबंधन’ मूक म्हणूनच तयार झाला व त्यावर आवाज मागाहून चढविण्यात आला. छपाईत शेवटचा रंग चढवावा तसा. बोलणे असे वरून चढत नाही, कारण त्याची लय अभिनयाच्या आतूनच येते. १९३७ मधील ‘गंगावतरण’ हा त्यांचा आरंभापासून बोलपट म्हणून घडविलेला एकमेव पट होय. तो कोल्हापूरच्या सज्ज स्टुडिओत झाला, आणि तेथे भोके पाडण्यास घरच्या माणसांची गरज उरली नव्हती.