इलायचीच्या जाहिरातीतला न उच्चारलेला शब्द

नंदुरबारच्या पानटपऱ्यांवर व्हेप मला दिसलेले नाही; २०१९च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटची विक्री आणि जाहिरात दोन्ही बंद आहेत. तिची विक्रीकला मात्र इथे ओळखीची आहे. अमेरिकेत २०१५मध्ये ‘ज्यूल’ तरुण मॉडेल घेऊन बाजारात उतरले, पुढे आंब्याचा स्वादही आला. निकोटिन मागे राहिले.

आपल्याकडे २००३च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीला मनाई केली आणि आंब्याचे हे काम इलायचीकडे आले. संहिता म्हणून ही जाहिरात वाचावी: नामांकित नट, केशरी झगमगाट, आणि इलायचीबद्दल जवळजवळ काहीच नाही. लक्षात राहते ते पुडीवरचे नाव.

एप्रिल २०२२मध्ये अक्षय कुमार यांनी अशा जाहिरातीतून माघार घेतली. (पानमसाल्याच्या जाहिरातीतून अमिताभ बच्चन आदल्या वर्षीच बाहेर पडले होते.) आपण तंबाखूची जाहिरात केलेली नाही आणि करणारही नाही, असे त्यांनी माफीत म्हटले. माफी तर इलायचीबद्दल होती! जाहिरातीने गिळलेला शब्द तिथे उमटला, म्हणून मी ते निवेदन त्या जाहिरातीचाच शेवटचा परिच्छेद मानतो.

राज्यात गुटखा जुलै २०१२पासून बंद आहे. आमचा जिल्हा गुजरात आणि मध्य प्रदेशाला खेटून. माल थांबत नाही. कॉलेजची पोरे टपरीवर जाहिरातीतलेच नाव घेतात आणि त्यांच्या हाती दोन पुड्या पडतात, एक सुपारीची, एक तंबाखूची. इलायची मागणारे गिऱ्हाईक मी अजून पाहिलेले नाही.