देणाऱ्याला ग्राहक म्हणायचं का?

नफा न कमावणाऱ्या संस्था मुळात असतातच का, याची अर्थशास्त्राकडे दोन चांगली उत्तरं आहेत. बर्टन वाइसब्रॉड म्हणतात, सरकार साधारण मतदाराला हवं तेवढंच पुरवतं. ज्यांना त्याहून जास्त हवं, ते पदरचे पैसे घालून संस्था काढतात. हेन्री हान्समन यांचं उत्तर १९८० चं. परदेशातल्या उपाशी माणसासाठी मी पैसे दिले, ते पोचले का, हे मला कळणार नाही. म्हणून जिथे नफा वाटून घ्यायला मनाई आहे, तिथे मी विश्वासानं देतो.

दोन्ही उत्तरं मला पटतात. पण त्यातून संस्था का असते ते कळतं, माणूस का देतो ते कळत नाही. 'समाधान मिळतं म्हणून देतो' एवढंच म्हटलं, तर न देणाऱ्यालाही तेच लागू पडतं. जे विधान कधी चुकूच शकत नाही, ते काही सांगतही नाही.

रक्ताचं उदाहरण घ्या. रिचर्ड टिटमस यांचं 'द गिफ्ट रिलेशनशिप' १९७० चं. ब्रिटनमध्ये रक्त विनामोबदला मिळे, अमेरिकेत काही विकत घेतलं जाई. पैशाची निकड असलेला माणूस आपली कावीळ लपवेल, हा त्यांचा मुद्दा अर्थशास्त्रज्ञांना लगेच कळला. पण बाजारानं दानच आटतं, हे केनेथ अ‍ॅरो यांना पटेना. विक्रीची सोय झाली म्हणून दान करायला कुणी अडवलंय? १९७३ मध्ये पीटर सिंगर या तत्त्वज्ञानं टिटमस यांची बाजू घेतली. माझ्या शब्दांत सांगायचं, तर जे विकत मिळतच नाही ते देणं वेगळं. किंमत ठरली की मी फक्त तेवढे पैसे वाचवून देतो.

पण टिटमसही अपुरे पडतात, बरं का. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे देऊन रक्त घेणं बंद झालं. तरी 'बदली रक्तदाता आणा' असं रुग्णाच्या नातेवाइकांना सांगितलं जातंच. तो भाऊ, तो मित्र जे देतो ते ना विक्री, ना मोकळ्या मनाचं दान. त्यात भीड आहे, नात्याचं ओझं आहे. आणि ज्याला कुणीच नातेवाईक नाही, त्यानं काय करायचं? या प्रश्नाला उत्तर देईल तो सिद्धान्त मला हवा आहे.