एका विशिष्ट विभागाची कहाणी

कायद्याचा मसुदा ही साहित्यकृती नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. तथापि मसुद्यालाही भाषा असते आणि जिथे वाक्य आहे तिथे कर्ता, कर्म व क्रियापद आलेच. कोण करतो, कोणाला केले जाते आणि कोणाचा उल्लेख वाक्याच्या कडेला ओझरता राहून जातो, हे पाहणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे नाही. म्हणूनच सोलापूरच्या एका बंद गिरणीसाठी १९५० साली झालेला कायदा आणि त्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाची दोन निकालपत्रे वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. विधीचे विद्यार्थी ही निकालपत्रे समतेचा हक्क व मालमत्तेचा हक्क या सदरांखाली अभ्यासतात. ज्या शहराचे नाव त्यांच्या मथळ्यावर आहे, त्या शहराच्या बाजूने मात्र ती क्वचितच वाचली जातात.

प्रथम घटनाक्रम पाहू. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांची ‘जुनी मिल’, ही एकोणिसाव्या शतकातील गिरणी. १९४९ साली मालाचे साठे पडून राहिले, पैशाची चणचण भासू लागली आणि संचालकांनी २७ ऑगस्ट १९४९ रोजी गिरणी बंद केली. ९ जानेवारी १९५० रोजी वटहुकूम निघाला. त्यान्वये सरकारने जुन्या संचालकांना दूर सारून स्वतःचे संचालक नेमले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वटहुकुमाची जागा संसदेच्या कायद्याने घेतली. एका शहरातील एकाच कंपनीसाठी देशाच्या संसदेने कायदा करावा, ही गोष्ट त्या काळीही असाधारण होती.

या कायद्याची प्रस्तावना अवघ्या एका वाक्याची आहे. तिचा आशय असा, की गैरव्यवस्था व हेळसांड यांमुळे एका जीवनावश्यक वस्तूच्या उत्पादनाला बाध आला आहे आणि समाजाच्या एका विशिष्ट विभागात गंभीर बेकारी उद्भवली आहे. या वाक्यापाशी थोडे थांबले पाहिजे. कापड आधी आले आहे, कापड विणणारा नंतर. आणि तो आला आहे तोही ‘समाजाचा एक विशिष्ट विभाग’ होऊन. त्याला कामगार म्हटलेले नाही, विणकर म्हटलेले नाही. ज्याच्या चुलीसाठी एवढा कायदा झाला, त्याला त्या कायद्यात स्वतःचे नामसुद्धा लाभले नाही. पुढील कलमांत संचालक आहेत, भागधारक आहेत, केंद्र सरकार आहे. प्रत्येकाला काहीतरी अधिकार दिलेला आहे किंवा कोणता तरी काढून घेतलेला आहे. भागधारकांचा संचालक निवडण्याचा हक्क स्थगित झाला आणि त्यांच्या ठरावांना सरकारी मंजुरीची अट लागली. विशिष्ट विभागाकडून काही काढून घेतले नाही, कारण त्याच्यापाशी काही नव्हतेच. आणि त्याला काही दिलेही नाही.

आता निकालपत्रांकडे वळू. पहिला दावा चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाचा. संविधान अमलात येऊन वर्षही झाले नव्हते. ४ डिसेंबर १९५० रोजी पाच न्यायमूर्तींनी निर्णय दिला. बहुमताने कायदा टिकला. एखादी कंपनी एकटीच स्वतंत्र वर्ग ठरू शकते, हे तत्त्व त्यातून रूढ झाले. न्या. पतंजली शास्त्री व न्या. दास यांनी मात्र एकाच कंपनीला वेगळे काढणे समतेच्या हक्काशी विसंगत मानले. दुसरा दावा द्वारकादास श्रीनिवास यांचा. सरकारनियुक्त संचालकांनी अग्रहक्क भागांवरील न भरलेली रक्कम मागितली, तेव्हा ते न्यायालयात गेले. १८ डिसेंबर १९५३ रोजी न्यायालयाने म्हटले, की व्यवस्थापनाच्या नावाखाली सरकारने भरपाई न देता कंपनीची मालमत्ताच हिरावली आहे. सबब वटहुकूम अवैध.

दोन्ही निकालपत्रांतील युक्तिवाद दर्जेदार आहे. विरोधी मताची बाजूही इतक्या सचोटीने मांडलेली आहे, की आजच्या वादविवादात ती सचोटी शोधावी लागते. कामगाराचा आवाज मात्र त्यांत नाही, आणि याचा दोष न्यायमूर्तींवर ठेवणे अन्याय्य ठरेल. न्यायालय दार ठोठावणाऱ्याला उत्तर देते. ज्या कायद्याने कामगाराला कोणताच हक्क दिला नव्हता, त्या कायद्याखाली तो कोणता दावा घेऊन येणार होता? हक्कच नाही तर दावेदारही नाही. प्रस्तावनेतील त्या धूसर शब्दाचा परिणाम हा असा थेट न्यायकक्षापर्यंत पोहोचतो.

पुढे १९५५ साली संविधानाची चौथी दुरुस्ती झाली. लोकहितासाठी किंवा योग्य व्यवस्थापनासाठी मर्यादित काळ मालमत्तेचा कारभार हाती घेण्यास तिने संरक्षण दिले. त्याआधीच, १९५१ च्या उद्योग (विकास व विनियमन) कायद्याने ही वाट सर्व उद्योगांना खुली करण्यास आरंभ केला होता. मुंबई राज्याने १९५८ साली आणखी एक कायदा केला: सरकारच्या मदतीने चालणारा उद्योग ‘साहाय्यता उपक्रम’ म्हणून, बेकारी निवारणासाठी, चालवता येईल. हेतू स्तुत्य होता. पण त्याच कायद्यान्वये अशा उपक्रमाला कामगारविषयक कायदे लागू नाहीत असे जाहीर करण्याची आणि आधीची देणी स्थगित ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. कामगाराची नोकरी वाचवण्यासाठी कामगाराचाच हक्क बाजूला ठेवायचा, असा हा विरोधाभास आहे.

सोलापूरची नरसिंग गिरजी मिल राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. जिल्ह्यातील बार्शीची गिरणी राष्ट्रीय महामंडळाकडे. १९७४ च्या कायद्याने देशातील १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. या गिरण्यांनी हजारो घरे कित्येक वर्षे चालवली, हे कृतघ्नपणे विसरता येणार नाही. तरीही खात्याच्या दारात काय बदलले, हा प्रश्न उरतो. पगारपत्रकावरचे नाव बदलले. नरसिंग गिरजी मिल पुढे बंद पडली, तेव्हा ती वाचवायची की विकायची हे ठरवणाऱ्यांत साचेवाल्याला जागा नव्हती. मालक असतानाही ती नव्हतीच.

येथे पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या परिपत्रकातील एक भेद आमच्या कामी येतो. उत्पादनाची साधने खाजगी मालकाकडून काढून सरकारच्या हाती दिली, एवढ्याने ती समाजाची झाली असे होत नाही, असे त्यात प्रतिपादन आहे. ज्या बाकापाशी आपण राबतो त्याचे आपण सर्वांसह सहमालक आहोत, असे प्रत्येकाला आपल्या श्रमाच्या आधारे म्हणता आले, तरच ते सामाजिकीकरण. सोलापूरच्या प्रकरणाला हा निकष लावला, तर ताबा घेणे घडले, ताबा देणे घडलेच नाही, असे म्हणावे लागते.

मग कष्टकऱ्याला नाव देणारा कायदा आपल्याकडे कधी झालाच नाही काय? झाला आहे; आणि तो शेतीच्या बाबतीत. १९६१ च्या महाराष्ट्र शेतजमीन कमाल धारणा कायद्याने खाजगी साखर कारखान्यांच्या जादा जमिनी सरकारने घेतल्या. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यालाही तो फेरबदल अनुभवास आला. या कायद्याच्या २८ व्या कलमात संयुक्त शेती संस्थांची कल्पना आहे. त्या संस्थांत कोण असावेत याची यादीही आहे: जमिनी खंडाने देणारे मूळ शेतकरी, कारखान्याच्या मळ्यावरील शेतमजूर, तेथील तांत्रिक व इतर कर्मचारी, शेजारचे अल्पभूधारक, भूमिहीन. विशिष्ट विभाग येथे माणसांत रूपांतरित झालेला दिसतो.

पण कागदावर नाव आले तरी जमीन १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेली. महामंडळ हळूहळू तोट्यात रुतले आणि बरेच क्षेत्र पडीक राहिले. खंडकऱ्यांनी दीर्घ लढा दिला आणि २०१२ सालापासून त्यांना जमिनी परत मिळू लागल्या. ते न्याय्यच झाले. मळ्यावर पिढ्यान् पिढ्या राबलेल्या मजुराचे नाव त्याच यादीत होते. त्याच्या वाट्याला मात्र तो न्याय आला नाही. ज्याच्यापाशी सातबाऱ्याची जुनी आठवण होती त्याला वाट सापडली. ज्याच्यापाशी केवळ श्रम होते तो यादीतच राहिला.

कामगारांना कारखाना चालवता येणार नाही, हा आक्षेप येथे हमखास घेतला जातो. मुंबईत कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचे उदाहरण त्याला अर्धे उत्तर देते. १९८५ साली बंद पडलेला तो कारखाना कामगारांनीच चालवावा, ही योजना १९८८ साली मंजूर झाली आणि १९८९ साली यंत्रे पुन्हा फिरली. पुढे तोही अडचणीत आला. स्पेनमधील मोंद्रागोन येथे फादर अरिसमेन्दियारिएता यांनी १९४३ साली आधी तंत्रशाळा काढली आणि १९५६ साली त्यांच्या विद्यार्थ्यांनी पहिला कारखाना उभा केला. त्या परिवारातील फागोर ही मोठी संस्थाही २०१३ साली दिवाळखोरीत गेली. कामगारांची मालकी म्हणजे यशाची हमी नव्हे. परंतु अपयश हाच निकष असेल, तर जुन्या मिलचे १९४९ चे संचालकही त्यात नापास झाले होते, आणि महामंडळेही.

मराठी साहित्याने या माणसाला आपल्या परीने नाव दिले आहे. नारायण सुर्वे यांच्या कवितेतील कामगार स्वतः बोलतो. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात संपानंतरच्या गिरणगावातील एक कुटुंब आपले भांडण स्वतः भांडते. साहित्याला हे जमले, कारण तेथे कर्ता होण्यासाठी भागभांडवल लागत नाही. कायद्याला ते जमायचे असेल तर कलमे लिहावी लागतील: गिरणी ताब्यात घेताना कामगारांच्या सहकारी संस्थेचा प्रथम हक्क, खेळत्या भांडवलाची तरतूद, हिशेब वाचण्याचे शिक्षण, संचालक मंडळात मत. १९७६ साली संविधानात आलेले ४३-अ हे कलम कामगारांच्या व्यवस्थापनातील सहभागाची दिशा दाखवतेच. पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या बळावर कोणी न्यायालयात उभा राहू शकत नाही.

सोलापुरात किंवा अन्यत्र बंद गिरणीच्या जागेविषयी नवा प्रस्ताव येईल तेव्हा वाचकांनी त्यातील एकच गोष्ट तपासावी, अशी आमची विनंती आहे. त्यात तेथे राबलेला माणूस कोणत्या विभक्तीत आला आहे? ‘कामगारांसाठी’ हा शब्द बहुधा सापडेल. ‘कामगारांनी’ हा शब्द शोधावा. तो नसेल, तर आणखी एकदा मालक तेवढा बदलणार आहे, असे समजावे.