तीस हजार तास आणि ओले लाकूड

वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावला न येता गुजरातेत जाणार, असे २०२२ साली जाहीर झाले तेव्हा आपल्या मावळात चर्चा झाली ती रोजगाराची आणि कोटींची. त्या प्रकल्पात चिप्सबरोबर पडदे, म्हणजे डिस्प्ले बनवण्याचाही बेत होता. पडदा म्हटला की आम्हांला वेगळाच प्रश्न पडतो. सेंद्रिय रेणूंतून वीज खेळवून उजेड काढायचा, हे ओएलईडीचे तत्त्व. तिचे 'आयुष्य तीस हजार तास' असे छापतात. हे मोजले कोणी? सलग पेटवली तरी साडेतीन वर्षे लागतील. तेवढे कोण थांबणार!

करतात काय, तर दिवा दसपट प्रखर पेटवायचा, तेज निम्म्यावर यायला किती तास लागले ते बघायचे आणि एका घातांकाच्या आधारे सौम्य उजेडातले आयुष्य काढायचे. समजा, ५०० तास लागले. घातांक १.५ धरला तर उत्तर सुमारे १५,८०० तास, १.८ धरला तर ३१,५००. दिवा तोच, हं!

म्हणजे हे मोजमाप नव्हे, अनुमान आहे. आणि अनुमान म्हटले की आमचे नैयायिक आठवणारच. अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असे ते म्हणू देत नाहीत. लाकूड ओले असेल तर धूर. ही न बोललेली अट म्हणजे उपाधी. इथली उपाधी अशी, की प्रखर उजेडात दिवा ज्या कारणाने खराब होतो, मंद उजेडातही त्याच कारणाने होतो. हे खरे आहे का? उत्तेजित रेणूंची गर्दी झाली की ते एकमेकांवर, विद्युतभारांवर आदळतात आणि बंध तोडण्याइतकी ऊर्जा एका जागी साठते. निळ्यात ऊर्जा मुळातच जास्त, म्हणून निळा आधी थकतो. दुसरे कारण तर अक्षरशः ओले लाकूड. कडेच्या फटीतून बाष्प शिरते, धातूचा ऋणाग्र बिघडतो, काळे ठिपके वाढतात. सील कच्चे असेल तर लोणावळ्याच्या श्रावणात हे काम दिवा बंद असतानाही चालते. दिवा प्रखर पेटवून ते कसे कळणार?

सोनीचा ११ इंची एक्सईएल-१ हा टीव्ही २००७ चा. कंपनी म्हणे तीस हजार तास. डिस्प्लेसर्च या संस्थेने १,००० तास चालवून पाहिला, तर निळा १२ टक्के, हिरवा ८, तांबडा ७ टक्के उतरलेला. त्यांचा अंदाज १७,००० तासांचा. आमचा खरा आक्षेप मात्र 'निम्मे तेज' या कसोटीवरच आहे. निळा पुढे धावून थकला की चित्राचा रंग फिरतो, आणि तो निम्म्याच्या कितीतरी आधी फिरतो.

त्यामानाने झांग, ली आणि फॉरेस्ट यांचा २०१४ चा निबंध आम्हांला प्रामाणिक वाटतो. उजेड देणारा रेणू थरात सारखा न पसरता एका बाजूला दाट, दुसरीकडे विरळ ठेवला, गर्दी पांगली. तेज १,००० कँडेला प्रति चौरस मीटर, ८० टक्क्यांवर यायला ६१६ तास. तिन्ही आकडे सांगितलेले. ६१६ तास म्हणजे पुरते सव्वीस दिवसही नाहीत. शीर्षकात मात्र 'दसपट' आहे; कशाच्या दसपट, ते आत जाऊन वाचावे लागते.