एका मुंबईघडणीच्या जहाजाचें नांव व चरित्र

जुन्या वस्तूची परीक्षा करितांना आपण आधीं तिचें नांव पाहतों व मग तिचें आद्य रूप शोधूं लागतों. या दोन्ही खुणा किती अपुऱ्या आहेत, हें 'त्रिंकोमाली' या जहाजाच्या चरित्रावरून ध्यानांत येतें.

सदर जहाज जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं मुंबईच्या गोदींत मलबारी सागाचें बांधिलें. तें १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरलें. त्यानंतर चोवीस दिवसांनीं खडकीची लढाई झाली. त्याची घडण मात्र मुळांत फ्रेंच होती. १७८२ सालीं इंग्रजांनीं पकडलेल्या 'एबे' या जहाजाच्या आकृतीवरून हा नमुना सिद्ध झाला. मुंबईस निघालेले नकाशे 'जावा' जहाजावर होते. २९ डिसेंबर १८१२ रोजीं अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन'नें तें जहाज जिंकिलें, आणि नकाशांची ती प्रत नष्ट झाली. दुसरी प्रत पाठवावी लागली. पोथ्यांच्या अभ्यासकांस ही प्रतपरंपरा अपरिचित वाटूं नये.

१८१९ सालीं विलायतेस पोहोंचल्यावर जहाज १८४५ पर्यंत पडूनच होतें. मग तोफा कमी करून तें १८४७ ते १८५० व १८५२ ते १८५७ असें दूरच्या समुद्रांत नेमलें गेलें. पुढें तें नौकानयनाची शाळा झालें. १८९७ सालीं तें मोडीस विकलें असतां व्हीट्ली कॉब या गृहस्थानें विकत घेतलें. नेल्सनचें जुनें 'फूद्रोयाँ' जहाज कॉबच्या मालकीचें असतांना त्याच वर्षीं ब्लॅकपूल येथें वादळांत फुटलें होतें. तेंच नांव त्यानें यास दिलें. या नांवानें तें १९८६ पर्यंत मुलांस शिकवीत राहिलें. १९८७ पासून हार्टलपूल येथें जीर्णोद्धार झाला, १९९२ सालीं मूळ नांव परत मिळालें व २००१ सालीं काम पुरें झालें.

आतां लेखकांची रीत पाहावी. ते यास 'लढाऊ जहाज' म्हणून गौरवितात आणि शाळेचीं वर्षें दोन ओळींत आटोपतात. परंतु समुद्रावरील नेमणुकीचीं वर्षें दहांपेक्षां कमी, आणि शाळेचीं शतकाहून अधिक! साग टिकाऊ म्हणून जहाज वाचलें, असेंही सांगतात. तें अर्धेंच खरें. १८९७ सालीं तोच साग मोडीच्या हवालीं झाला होता. त्यास वांचविलें तें नव्या उपयोगानें. शिवाय केवळ नांवानें शोध घेणाऱ्यास १८९७ नंतर 'त्रिंकोमाली' संपलेंच असें वाटेल, व 'फूद्रोयाँ' या एका नांवाखालीं दोन निराळीं जहाजें एक होतील.

श्रीरामपुरास समुद्र दूर आहे, नेवासें मात्र जवळ. तेथें १२९० सालीं झालेली ज्ञानेश्वरी नकलांच्या वाटेनें चालत आली, आणि १५८४ सालीं एकनाथांनीं तिचा पाठ शुद्ध केला. वाचणाऱ्यांच्या हातीं राहिली म्हणूनच ती राहिली.

यास्तव संग्राहकांस एक विनंति आहे. पोथीस मागाहून जोडलेलीं पानें, पारायणाच्या खुणा, पुढच्या मालकाचें नांव, हें सारें 'अर्वाचीन' म्हणून वेगळें काढूं नये. मूळ आपल्यापर्यंत कसें आलें, याचा पुरावा तेवढाच असतो.

श्रीरामपूर