बटणं सारखी करून काय होणार? सामाईक सूक्ष्मदर्शक केंद्रातल्या सॉफ्टवेअरची झाडाझडती

अंजूरला येऊन सूक्ष्मदर्शकाच्या सॉफ्टवेअरवर बोलायचं, म्हणजे विषय जरा आडवळणाचाच. पण भिवंडीच्या पंचक्रोशीत तो समजावणं मला उलट सोपं वाटतं. कापडाचा व्यापारी माल घेताना माग कुठल्या कंपनीचा, असं विचारत बसत नाही. एक इंची चौकटीचं घडीचं भिंग काढतो, कापडावर ठेवतो आणि उभे-आडवे धागे मोजतो. ठरलेले धागे भरले तर माल घेतो, नाहीतर परत. माग दहा तऱ्हेचे असू देत, मोजणी एकच. आपल्या संशोधन केंद्रांतली चर्चा मात्र मागांवरच अडकून राहते, हा माझा आजचा आक्षेप आहे.

आधी सामाईक केंद्र म्हणजे काय ते सांगतो. चांगला कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक कोटीच्या घरात जातो. प्रत्येक प्रयोगशाळेला तो कसा परवडणार? म्हणून महागडी उपकरणं एका ठिकाणी ठेवायची आणि सगळ्यांनी वेळ ठरवून वापरायची, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या आयआयटीत केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने असं केंद्र १९७६ साली सुरू झालं. आज ते ‘सैफ’ या नावाने ओळखलं जातं. जानेवारी २०२० मध्ये ‘आय-स्टेम’ हे राष्ट्रीय पोर्टल आलं. सरकारी पैशांतून घेतलेली उपकरणं तिथे नोंदवायची आणि बाहेरच्यांनाही वापरू द्यायची, हा त्याचा हेतू. म्हणजे भिवंडी-कल्याणच्या एखाद्या महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीलाही हे दार उघडं झालं. उत्तमच झालं.

आता ती विद्यार्थिनी केंद्रात पोचली की तिला काय दिसतं? एका खोलीत झाइसचं यंत्र, त्यावर ‘झेन’. शेजारी लायकाचं, त्यावर ‘लास एक्स’. पलीकडे निकॉनचं, त्यावर ‘एनआयएस-एलिमेंट्स’. कोपऱ्यात जुनं ऑलिंपस; त्या कंपनीचा सूक्ष्मदर्शकांचा धंदा २०२२ पासून ‘एव्हिडंट’ या नावाने चालतो. चार सॉफ्टवेअर, चार तऱ्हेच्या फाइली. एकीकडे ‘सीझेडआय’, दुसरीकडे ‘लिफ’, तिसरीकडे ‘एनडी-टू’. ती आली आहे दोन तासांसाठी आणि त्यातला पाऊण तास बटणं शोधण्यात जातो.

यावर हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे, ‘सगळीकडे एकच सॉफ्टवेअर हवं.’ केंद्र चालवणाऱ्यांचा त्रास खरा आहे, तेव्हा या मागणीला मी हसणार नाही. नवा माणूस आला की चार वेळा शिकवा, चार पुस्तिका लिहा, चार ठिकाणचे परवाने सांभाळा. तरीही ही मागणी अपुरी आहे, असं मला वाटतं. तिच्या दोन वाटा आहेत, त्या एकेक करून बघू.

पहिली वाट, सगळी यंत्रं एकाच कंपनीची घ्यायची. ऐकायला छान आहे. पण झाइसचंच उदाहरण घ्या. एलएसएम ७८० किंवा ८८० ही यंत्रं ‘झेन ब्लॅक’वर चालतात आणि त्यानंतरची ८०० किंवा ९८० ही ‘झेन ब्लू’वर. नाव एक, घर एक, पण मांडणी वेगळी. एकावर हात बसलेला माणूस दुसऱ्यावर चाचपडतो. शिवाय यंत्र पंधरा-पंधरा वर्षं चालतं, त्याच्या संगणकाचं आयुष्य तेवढं नसतं. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये काढला, विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. जुन्या यंत्राचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेलच असं नाही. मग तो संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवायचा आणि फाइली पेन ड्राइव्हवर न्यायच्या, म्हणजे व्हायरसला आमंत्रणच. तेव्हा एक कंपनी घेतली तरी एकसारखेपणा येत नाही, फक्त त्या कंपनीवरचं अवलंबन वाढतं.

दुसरी वाट खुल्या सॉफ्टवेअरची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत २००५ साली ‘मायक्रो-मॅनेजर’वर काम सुरू झालं. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे, स्टेज, शटर हे सगळं एकाच पडद्यावरून चालवायचं, तेही फुकट. कॅमेरा लावलेल्या साध्या यंत्रांसाठी ते खरोखर उपयोगी आहे आणि आपल्या छोट्या महाविद्यालयांनी त्याचा विचार करावा. पण कॉन्फोकलपाशी गाडी अडते. तिथलं स्कॅनिंग बहुतेक कंपन्या आपल्या मुठीत ठेवतात, बाहेरच्याला हात लावू देत नाहीत.

बरं, घटकाभर समजू या की बटणं सारखी झाली. पुढे काय? माझी खरी तक्रार इथून सुरू होते. समजा, आपली विद्यार्थिनी औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींची तुलना करते आहे. कुठे चमक किती, हे तिला मोजायचं आहे. औषध न दिलेल्या पेशी सोमवारी पहिल्या यंत्रावर झाल्या. गुरुवारी त्या यंत्राचा लेझर बिघडला, म्हणून उरलेल्या दुसऱ्यावर. दोन्हीकडे तिने लेझर २ टक्के ठेवला. वहीत लिहिलं, ‘सेटिंग सारखंच.’

मंडळी, २ टक्के कशाचे? पडद्यावरचा तो आकडा म्हणजे त्या यंत्राच्या लेझरमधून किती भाग पुढे सोडायचा, एवढंच. लेझर जुना होतो, आरसे हलतात, धूळ बसते. नमुन्यावर प्रत्यक्ष किती मायक्रोवॅट पडले, हे तो आकडा सांगत नाही. गेनचंही तेच. एका शोधकाला तो व्होल्टमध्ये, दुसऱ्याला टक्क्यांत. लायकावर स्कॅनचा वेग हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे सेकंदाला किती ओळी. झेनमध्ये वेगाला नुसता क्रमांक आणि किरण एका बिंदूवर किती मायक्रोसेकंद थांबतो तो आकडा वेगळा. एका यंत्रावर चित्र ८ बिटचं, म्हणजे चमकेच्या २५६ पायऱ्या. दुसऱ्यावर १२ बिटचं, म्हणजे ४०९६. हे न बघता दोन सरासऱ्या शेजारी मांडल्या आणि फरक दिसला, तर तो औषधाचा की यंत्राचा? ते कोणी सांगू शकणार नाही. तिची दोन वर्षं त्या एका आलेखावर उभी असतात.

याहून साधी चूक बघा. हाताने भिंग फिरवायच्या यंत्रात सॉफ्टवेअरला कळत नाही कुठलं भिंग लागलंय. भिंग ४० पट आणि पडद्यावर निवड २० पट राहिली, तर प्रत्येक लांबी दुप्पट भरते. चित्र सुंदर येतं, मोजपट्टी खोटी. आणि आता तर गोंगाट काढणारी, चित्र आपोआप साफ करणारी साधनं सॉफ्टवेअरमध्येच येतात. निकॉनने त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा पर्याय दिला आहे. साधन वाईट नाही. पण ते एका यंत्रावर चालू होतं आणि दुसऱ्यावर बंद, याची नोंद नसेल तर तुलना तिथेच संपली.

म्हणून मी म्हणतो, एकसारखेपणा बटणांत शोधू नका. तो नोंदीत शोधा आणि मोजणीत शोधा.

नोंदीचं काम बरंच झालेलं आहे. ‘ओपन मायक्रोस्कोपी एन्व्हायर्नमेंट’ या गटाचं ‘बायो-फॉरमॅट्स’ दीडशेहून जास्त तऱ्हेच्या फाइली वाचतं. आपण ‘फिजी’मध्ये कंपनीची फाइल उघडतो तेव्हा पाठीमागे बहुधा तेच राबत असतं. फाइलबरोबर भिंग, लेझर, वेग, पिक्सेलचं माप हेही येतं. सगळं नाही, पण पुष्कळसं. आणि आपण काय करतो? मूळ फाइल तशीच सोडून जेपेग घरी नेतो. जेपेग म्हणजे कापडाचा फोटो. त्यावर भिंग ठेवून धागे मोजता येत नाहीत.

मोजणीचंही गूढ नाही. एप्रिल २०२० मध्ये ‘क्वारेप-लिमी’ हा आंतरराष्ट्रीय गट नेमका यासाठीच उभा राहिला. भिंगापाशी लेझरची शक्ती मापकाने मोजायची. शंभर नॅनोमीटरचे चमकते मणी बघायचे आणि यंत्र त्यांना किती पसरट दाखवतं ते टिपायचं. दर महिन्याला, प्रत्येक यंत्रावर, एकाच पद्धतीने. मग २ टक्क्यांच्या जागी मायक्रोवॅट लिहिता येतात आणि दोन यंत्रांचं बोलणं जुळतं.

यावर कोणी म्हणेल, आधीच माणसं कमी, हे करायचं कोणी? प्रश्न रास्त आहे. दोष तंत्रज्ञांचा नाहीच. यंत्राला कोटी मंजूर होतात, पण ते तपासत बसणं हे कोणाचं काम म्हणून धरलंच जात नाही, तिथे दोष आहे. निविदेत भिंग, लेझर, शोधक यांची पानंच्या पानं भरतात. सॉफ्टवेअरवर किती ओळी असतात? सेटिंगची पूर्ण नोंद फाइलीतून बाहेर काढता आली पाहिजे, खुल्या स्वरूपात साठवता आलं पाहिजे, यंत्र चालेल तितकी वर्षं सॉफ्टवेअरला आधार मिळाला पाहिजे. या तीन अटी खरेदीच्या आधी घातल्या तर कंपनी ऐकते. पैसे दिल्यावर कोण ऐकतं?

तोवर बाहेरून जाणाऱ्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं एवढंच. तुलना करायच्या सगळ्या स्लाइड एकाच यंत्रावर, शक्यतो एकाच दिवशी घ्या. यंत्र बदलावंच लागलं तर दोन्ही गटांच्या थोड्या थोड्या स्लाइड दोन्हीकडे घ्या. मूळ फाइल मागून घ्या, ती तुमची आहे. आणि केंद्रात गेल्यावर विचारा, लेझर शेवटचा कधी मोजला होता? विचारणारे वाढले, की मोजणारेही वाढतील.